बारा सुरुंगांची बोट

(प्रस्तावना)

यूसी-६ या जर्मन पाणबुडीवर तोफ नव्हती आणि पाणतीरही नव्हते. एक मशिनगन, चौदा माणसे आणि पोटात तिरप्या बसवलेल्या सहा नळ्यांत प्रत्येकी दोन असे बारा पाणसुरुंग, एवढाच तिचा सरंजाम. लांबी ३४ मीटर, रुंदी तीन मीटरांहून थोडी जास्त, वजन पाण्यावर असताना १६८ टन. पाण्यावर ताशी सहा सागरी मैल आणि पाण्याखाली पाच, हा तिचा वेग. इंग्लिश खाडीतल्या भरती-ओहोटीच्या ओढीपुढे तो अनेकदा अपुराच पडे. हॅम्बुर्गच्या व्हल्कन गोदीत ती बांधली गेली, जून १९१५ मध्ये नौदलात दाखल झाली आणि बेल्जियमच्या किनाऱ्यावरील फ्लँडर्स ताफ्यात रुजू झाली. पुढची सव्वादोन वर्षे ती रात्री निघायची, इंग्लंडच्या दारात सुरुंग टाकायची आणि परत यायची. या कामात तिच्या नावावर पन्नासहून अधिक जहाजे जमा झाली. त्यातली बहुतेक बुडताना तिने पाहिलीही नाहीत.

अशा बोटीवर मराठीत आणि तेही मालवणात बसून पुस्तक का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे. तिने बुडवलेल्या जहाजांत ‘मालोजा’ हे पी अँड ओ कंपनीचे मोठे प्रवासी जहाज होते, ते लंडनहून मुंबईला यायला निघाले होते आणि त्याच्यावर काम करणारी बरीचशी माणसे मुंबई बंदरात भरती झालेले हिंदी खलाशी होते. मुंबईत भरती होणाऱ्या डेकवरच्या खलाशांत त्या काळी रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा असे आणि मालवण, देवगड, वेंगुर्ला हे तालुके तेव्हा रत्नागिरीतच होते. जर्मन पाणबुड्यांच्या इतिहासाला आपला किनारा जोडलेला आहे, पण ज्या बाजूने तो जोडलेला आहे ती बाजू लिहिलीच गेलेली नाही. पाणबुडीचा इतिहास पाणबुडीवाल्यांनी लिहिला आणि जहाजांचा इतिहास कंपन्यांनी. बॉयलरपुढे कोळसा ओढणाऱ्याच्या वाट्याला कुणाच्याच पुस्तकात पानभर जागा आली नाही.

आधी बोटीचे काम समजून घ्यायला हवे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडप आहे. अनोळखी गलबताचा तळ ते फाडते, पण मालवणच्या तांडेलाला त्यातली वाट पाठ असते. पाणसुरुंग म्हणजे एका रात्रीत मोकळ्या पाण्यात उभे केलेले, कोणत्याच तांडेलाला ठाऊक नसलेले खडप. यूसी-६ च्या नळ्या वर-खाली उघड्या होत्या आणि त्यांत समुद्राचे पाणी भरलेले असे. सुरुंग आपल्या नांगरासकट खाली सुटायचा आणि नांगर तळाला बसायचा. त्याला लावलेला विरघळणारा गठ्ठा काही वेळाने पाण्यात विरे, मग सुरुंग दोरीवर वर चढून ठरलेल्या खोलीवर थांबे. ही खोली बंदरातून निघण्यापूर्वीच लावून ठेवावी लागे. समुद्रात गेल्यावर ती बदलता येत नसे. गठ्ठा लवकर विरला, तर सुरुंग वर येताना टाकणाऱ्या बोटीच्याच पोटाखाली येणार. फ्लँडर्सच्या खलाशांना हे पक्के माहीत होते, आणि तरीही ते दर खेपेला बारा सुरुंग घेऊन निघत.

यूसी-६ च्या बहिणींचे काय झाले, हे पाहिले की धोका किती खरा होता ते कळते. यूसी-२ ही २ जुलै १९१५ रोजी यार्मथजवळ एका किनारी मालबोटीखाली सापडली. इंग्रज पाणबुड्ये खाली उतरले, तेव्हा त्यांना कळले की आपल्या बंदरांच्या तोंडाशी रातोरात उगवणारे सुरुंग कोण टाकते आहे. तोपर्यंत पाण्याखालून सुरुंग पेरता येतात, यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. यूसी-१२ ही १९१६ च्या मार्चमध्ये इटलीतल्या तारांतोजवळ स्वतःच्याच सुरुंगांनी फुटली. यूसी-५ त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका वाळूच्या दांड्यावर बसली आणि जिवंत हाती लागली. तिला लंडनला थेम्सच्या काठी नेऊन लोकांना दाखवण्यात आले. नंतर ती अटलांटिकपार न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात युद्धरोखे खपवण्यासाठी उभी राहिली. शत्रूची बोट जाहिरातीला लावण्याची ही कल्पना मला जरा ओंगळ वाटते, पण ती बघायला गर्दी लोटली हेही खरे.

जर्मनांना पाणबुडीचे वेड उशिरा लागले. खरे तर १८५०-५१ मध्येच विल्हेल्म बाउअर नावाच्या माणसाने ‘ब्रांडटाउखर’ ही लोखंडी पाणबुडी बांधली होती. १ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरात ती तळाला गेली. बाउअरने आत पाणी भरू दिले, आतला-बाहेरचा दाब सारखा होईपर्यंत दम धरला आणि झाकण उघडून आपल्या दोन साथीदारांसह वर आला. बुडत्या बोटीत आपणहून पाणी घ्यायचे, हे त्या दोघांना पटवताना त्याने काय केले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती बोट १८८७ मध्ये वर काढली गेली आणि आज ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे. त्यानंतर जर्मन नौदलाची पहिली ‘यू-१’ यायला १९०६ उजाडले. आठ वर्षांनी, २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी, ‘यू-९’ या लहानशा बोटीने दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. १,४५९ माणसे गेली. तोवर खेळण्यात जमा असलेले हत्यार त्या दिवसापासून सगळ्या आरमारांनी मनावर घेतले. त्याच पावसाळ्याच्या शेवटी बेल्जियमचा किनारा जर्मनांच्या हाती आला, आणि ब्रुज-झीब्रुगेच्या कालव्यातून सुटणाऱ्या, उथळ पाण्यात चालतील अशा छोट्या बोटी हव्या झाल्या. यूसी-६ चा जन्म या निकडीतला.

आता मालोजा. १९११ मध्ये बेलफास्टला बांधलेले, १२,४३१ टनांचे, पी अँड ओच्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक. २७ फेब्रुवारी १९१६, रविवार. आदल्या दिवशी टिलबरीहून निघालेले जहाज सकाळी साडेदहाच्या सुमारास डोव्हरसमोर, किनाऱ्यापासून जेमतेम दोन मैलांवर होते. पाठीमागच्या भागाखाली सुरुंग फुटला. कप्तान आयर्विंगने जहाजाचा वेग मारण्यासाठी इंजिने उलटी फिरवायला सांगितली, म्हणजे बचावाच्या नावा उतरवता येतील. हुकूम बरोबर होता. पण इंजिनखान्यात पाणी इतक्या वेगाने चढले की पुढे ती इंजिने थांबवायला कुणी पोहोचूच शकले नाही. जहाज कलत होते आणि त्याच वेळी आठ-नऊ मैलांच्या वेगाने मागे मागे पळत होते. चालत्या, कललेल्या जहाजावरून नावा सोडणे जवळजवळ अशक्य. मदतीला धावलेले ‘एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम’ हे कोळशाचे जहाजही त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या सुरुंगावर गेले; त्यावरची माणसे मात्र वाचली. पंचवीस मिनिटांच्या आत मालोजा तळाला गेले. जहाजावरच्या साडेचारशेहून अधिक माणसांपैकी १५५ गेली.

किनारा डोळ्यांसमोर होता, बंदरातून होड्या सुटल्या होत्या. तरी इतकी माणसे गेली, कारण फेब्रुवारीतली ती खाडी. अशा पाण्यात माणूस बुडण्याआधीच गारठतो. बंदर सोडताना अंगावर होते ते सुती कपडे घालून पाण्यात पडलेल्या खलाशांचा तग किती लागणार? डोव्हरच्या मंडईत प्रेते ओळीने ठेवण्यात आली. हिंदी खलाशांपैकी काहींचे दफन तिथल्या सेंट मेरी स्मशानभूमीत झाले. प्रवाशांची नावे दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत येऊ लागली. खलाशांची बाब बहुतेक ठिकाणी एका आकड्यात आटोपली.

या माणसांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत. त्यांची रचना ठरलेली होती. वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग सुकाणी, कसाब आणि साधे खलाशी. खाली इंजिनखान्यात आगवाले आणि कोलसेवाले. भोजनगृहात आणि स्वयंपाकघरात गोव्याची माणसे. पी अँड ओच्या मुंबईच्या जहाजांवर या तीन टोळ्या बहुधा तीन वेगळ्या मुलखांच्या असत आणि एकमेकांत मिसळत नसत. भरती कंपनी करी असे कागदावर होते. प्रत्यक्षात ती सारंग करी. सारंग आपल्या वाडीचा, आपल्या नात्याचा, निदान आपल्या ओळखीचा माणूस उचलायचा. त्याला उचल द्यायचा, त्याची हमी घ्यायचा, पगारातून आपला हिस्सा कापून घ्यायचा. गोवेकरांचे मुंबईत गावागावांचे ‘कूड’ होते, तसेच कोकणातल्या गावांच्या सामाईक खोल्या होत्या. दोन खेपांच्या मधले दिवस तिथे काढायचे आणि पावसाळ्याआधी जमले तर आगबोटीने गावी जाऊन यायचे.

या भरतीच्या पद्धतीतच माझ्या पुस्तकाचे सगळे म्हणणे आहे. ग्लासगोच्या किंवा लिव्हरपूलच्या जहाजावर माणसे शहराच्या वेगवेगळ्या गल्ल्यांतून आलेली असत. जहाज बुडाले की दुःख शहरभर पांगे. सारंगाची टोळी एका-दोन खेड्यांतली. एकच सुरुंग, आणि एकाच खाडीकाठच्या वाडीतले बाप, चुलते, पुतणे, मेहुणे एका सकाळी नाहीसे. कधी सारंगही त्यांच्याबरोबर गेलेला, म्हणजे कुणी कुणाकडून किती उचल घेतली होती आणि कुणाचा किती पगार यायचा राहिला, हे सांगणारा माणूसही उरलेला नाही. पाणबुडीच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख ‘१२,४३१ टन’ असा येतो. जर्मन कप्तानाची कामगिरी टनांत मोजली जाई, आणि पदकही टनांवरच मिळे. तो हिशेब खोटा नाही, फक्त दुसऱ्या किनाऱ्याला उपयोगाचा नाही.

१९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी होते. दर सहा खलाशांत एक, असे म्हटले तरी चालेल. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. राहायला कायद्याने ठरवलेली जागा ३६ घनफूट. गोऱ्या खलाशाला १२० घनफूट. युद्धात त्यांच्यापैकी सुमारे साडेतीन हजार मेले आणि हजारावर शत्रूच्या कैदेत गेले. जहाज बुडाल्यावर वर्तमानपत्रात हमखास येणारे वाक्य वेगळेच : लास्कर घाबरले आणि नावांकडे धावले. युद्ध संपल्यानंतर, २० मे १९२२ रोजी पी अँड ओचे ‘इजिप्त’ मुंबईकडे येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात एका फ्रेंच बोटीची धडक बसून बुडाले, तेव्हा हा आरोप मोठ्याने झाला. चौकशीत कप्तानाचा परवाना काही महिन्यांसाठी स्थगित झाला, कारण नावा सोडण्याचा सराव आणि शिस्त ही त्याची जबाबदारी होती. त्या जहाजावरचे सोने मात्र दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्या माणसांनी खोल समुद्रातून शोधून काढले, आणि त्या पराक्रमावर पुस्तके निघाली.

मालोजा एकटे नव्हते. ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईला येणारे ‘पर्शिया’ क्रीटच्या दक्षिणेला ‘यू-३८’ च्या पाणतीराने काही मिनिटांत बुडाले. तीनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मालकांपैकी एक, फ्रँक कोलमन होते. बेनेट कोलमन या नावातले हे कोलमन, त्यामुळे मुंबईत त्यांची आठवण राहिली. ६ नोव्हेंबर १९१६ रोजी भूमध्य समुद्रात ‘अरेबिया’ गेले. २० जुलै १९१७ रोजी ‘साल्सेट’ इंग्लिश खाडीत गेले. हे जहाज साष्टी बेटाचे नाव लावून हिंडत होते आणि युद्धापूर्वी एडन-मुंबई डाक आणीत असे. त्याचा सांगाडा आज तिकडच्या हौशी डुबक्या मारणाऱ्यांचे आवडते ठिकाण आहे. त्यात पंधरा माणसे मेली, तीही स्फोट इंजिनखान्यापाशी झाला म्हणून.

कोकणच्या समुद्रातही जर्मन सुरुंग पडले होते, पण ते पाणबुडीने टाकलेले नव्हते. कार्ल नेर्गरच्या ‘वोल्फ’ या वेष पालटलेल्या लढाऊ जहाजाने फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईसमोर सुरुंग पेरले आणि २३ जून रोजी, ऐन पावसाळ्यात, पी अँड ओचे ‘मंगोलिया’ मुंबईच्या दक्षिणेला त्यांतल्या एकावर गेले. पहिल्या महायुद्धात आपल्या किनाऱ्याला युद्ध इतके जवळ आले ते तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या स्वतःच अरबी समुद्रात उतरल्या. ‘यू-१६८’ ने २ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबईच्या पश्चिमेला ‘हायचिंग’ बुडवले; ती स्वतः वर्षभराने जावाजवळ एका डच पाणबुडीच्या हातून संपली. १९४३ च्याच मार्चमध्ये वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या शौकिया घोडेस्वारांनी छापा घातला, ही कथा तर सिनेमापर्यंत पोहोचली. या सगळ्यावर लिहिण्याचा मोह मी आवरला आहे. त्या गोष्टींना वाली आहेत.

यूसी-६ चा शेवट सप्टेंबर १९१७ चा. तोवर इंग्रजांनी थेम्सच्या मुखाबाहेर सुरुंग लावलेली जाळी उभी केली होती. २७ सप्टेंबरच्या सुमारास केंटिश नॉक या वाळूच्या दांड्याजवळ बोट त्या जाळ्यात गेली आणि सगळ्या माणसांसह तळाला बसली. आधी बराच काळ तिला बुडवल्याचे श्रेय फेलिक्सस्टोच्या एका उडत्या बोटीच्या वैमानिकांना दिले जाई. पुढे संशोधकांनी हिशेब तपासून ते मागे घेतले. दुसऱ्यांसाठी ती जे हत्यार पेरी त्यानेच ती गेली, हे म्हणायला सोपे आहे आणि म्हणूनच मी ते पुस्तकात कुठे रंगवलेले नाही. आत असलेली माणसेही वीस-पंचवीस वर्षांची होती. मालोजाच्या वेळचा तिचा कप्तान काउंट फॉन श्मेटो तेव्हा तिच्यावर नव्हता. तो आधीच, मे १९१७ मध्ये, यूसी-२६ घेऊन गेला होता आणि एका विनाशिकेच्या धडकेत बुडाला होता.

स्मारकांचा हिशेब वेगळाच आहे. लंडनच्या टॉवर हिलवर पहिल्या महायुद्धात समुद्रात हरवलेल्या सुमारे बारा हजार व्यापारी खलाशांची नावे आहेत. हिंदी खलाशांची नाहीत. त्यांची सोय मुंबईत केली गेली, मशीद बंदर स्थानकाजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये. तिथे पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नोंद आहे, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही. कलकत्त्यात हुगळीकाठी लास्करांचा उंच मनोरा आहे, १९२४ साली उघडलेला, ८९६ जणांसाठी. मुंबईचे स्मारक असे दिसत नाही. ते रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत येत नाही आणि आपल्या शाळांच्या सहलीही तिथे जात नाहीत. सिंधुदुर्गातून मुंबईला जाणाऱ्या माणसाने एकदा तरी ते पाहावे, असे मला वाटते. स्थानकापासून चालत जाता येते.

आज हा विषय इथे मांडण्याला आणखी एक निमित्त आहे. पाण्याखालच्या जहाजाचे आकर्षण आता मालवणच्या दारी आले आहे. तारकर्लीला डुबकी शिकवणारी संस्था आहे, आंग्रिया बँकेचे प्रवाळ सगळ्यांना ठाऊक झाले आहे. १९८५ च्या डिसेंबरात पोलंडच्या गडिनियात नौदलात दाखल झालेली, १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीसमोर बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना पर्यटन महामंडळाने हाती घेतली. गुलदार सुमारे ८४ मीटर लांब, यूसी-६ च्या अडीचपट. योजनेला माझा विरोध नाही. सांगाड्यावर मासे येतात, माशांमागे माणसे येतात, गावात चार पैसे येतात. माझे म्हणणे एवढेच, की बुडालेले जहाज बघायला शिकवताना त्यावरच्या माणसांच्या याद्या वाचायलाही शिकवावे. मासे आणि गंज दाखवणारा मार्गदर्शक सारंग म्हणजे काय हेही सांगू शकला तर बिघडणार नाही. आणि जर्मन पाणबुडी म्हटली की केवळ शत्रूच आठवावा असेही आता नाही. कीलच्या आराखड्यावर माझगाव गोदीत बांधलेली ‘शल्की’ १९९२ मध्ये नौदलात आली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. ती जोडणाऱ्या कामगारांत कोकणी माणसे किती होती, हे लालबाग-परळमध्ये कुणालाही विचारावे.

पुस्तकाची मांडणी त्यामुळे थोडी तिरकी झाली आहे. पहिल्या भागात यूसी-६ ची बांधणी आणि फ्लँडर्सचा ताफा येतो. यंत्रांची आवड असणाऱ्यांनी तो सावकाश वाचावा, इतरांनी चाळला तरी चालेल. दुसरा भाग पूर्णपणे त्या एका रविवारचा आहे. तिसरा भाग सर्वांत लांब आहे आणि तो समुद्रावर घडतच नाही : भरती, सारंगाची उचल, मुंबईतल्या खोल्या, गावी येणारी मनिऑर्डर आणि ती थांबल्यावर कचेरीत मारावे लागणारे खेटे. श्मेटोवरचे प्रकरण मुद्दाम आखूड ठेवले आहे. त्याच्यासारख्यांची चरित्रे जर्मनीत आणि इंग्लंडात पुरेशी आहेत. ज्या वाचकांना आपल्या घरातला एखादा बोटीवर गेलेला आजा-पणजा शोधायचा असेल, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९१६ च्या कागदांत मालवण, देवगड आणि वेंगुर्ला रत्नागिरीखाली सापडतील, सावंतवाडी संस्थान म्हणून वेगळी असेल, आणि गावाचे नाव इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असेल. ते मोठ्याने वाचून पाहावे. बहुतेकदा ओळख पटते.